हिमनदीच्या पोटात

स्वित्झर्लंड हा पर्वतांचा देश आहे. त्याच्या दक्षिणेस आल्प्सची उत्तुंग हिमशिखरे आहेत आणि वायव्येस जुरा नावाचा चुनखडीचा डोंगर पसरलेला आहे. या जुराच्या उतारावर, नशातेल शहराच्या वरच्या अंगास, रानात एक प्रचंड शिळा पडलेली आहे. ती घरापेक्षाही मोठी आहे. परंतु तिच्या आकारापेक्षा तिची जात अधिक नवलाची आहे. सारा डोंगर चुनखडीचा, आणि ही शिळा मात्र ग्रॅनाइटची! तसा ग्रॅनाइट मिळतो तो तेथून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या माँ ब्लां पर्वतात. मध्ये दऱ्या आहेत, विस्तीर्ण सरोवरे आहेत. मग एवढा अवजड दगड ही सारी वाट ओलांडून येथवर आला कसा?

अशा आगंतुक शिळा युरोपात ठिकठिकाणी आढळतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुष्कळ लोक त्यांचा संबंध महाप्रलयाशी जोडीत. पूर्वी येथे समुद्र होता व त्यावर तरंगणाऱ्या हिमनगांनी या शिळा वाहून आणल्या, असे काही विद्वान मानीत. या शिळा हिमनद्यांनी आणल्या आहेत, हे सत्य जगाला पटवून देण्यात ज्याचा वाटा फार मोठा आहे आणि हिमनदी कशी चालते हे पाहण्यासाठी जो दोरीच्या आधाराने प्रत्यक्ष तिच्या पोटात उतरला, त्या लुई अगासी या शास्त्रज्ञाचे हे चरित्र आहे.

लुई अगासीचा जन्म २८ मे १८०७ रोजी स्वित्झर्लंडमधील मोतिए या लहानशा गावी झाला. त्याचे वडील तेथील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. आई रोज ही एका वैद्याची कन्या. तिची आधीची चार मुले बालपणीच दगावली होती. त्यामुळे लुईवर तिचा फार जीव होता. त्यांचे घर मोरा सरोवराच्या काठी होते. घरामागे दगडी कुंड होते व त्यात झऱ्याचे पाणी सतत पडत असे. लुई सरोवरातील मासे पकडून आणी व या कुंडात सोडी. ते कसे पोहतात, काय खातात, हे तो तासन्‌तास पाहत बसे. पुस्तकात वाचण्याआधी वस्तू स्वतः पाहावी, ही सवय त्याला येथेच लागली.

वडिलांची मिळकत बेताची होती. मुलाने शाळा संपवून व्यापारात पडावे, असा घरच्यांचा विचार होता. परंतु शिक्षकांनी त्याच्या बुद्धीची शिफारस केली आणि लोझान येथे वैद्यकी करणाऱ्या मामाने त्याची बाजू घेतली. लुई वैद्यकीच्या अभ्यासासाठी प्रथम झुरिच, मग हायडेलबर्ग आणि शेवटी म्यूनिक येथे गेला. आईवडिलांना दिलेल्या वचनाप्रमाणे १८३० साली त्याने वैद्यकाची पदवी मिळविली. पण त्याचे चित्त माशांतच गुंतलेले होते. विद्यार्थी असतानाच त्याने ब्राझील देशातील माशांवर एक ग्रंथ लिहून १८२९ मध्ये प्रसिद्ध केला.

पुढे तो पॅरिसला गेला. तेथे प्राणिशास्त्राचा सर्वांत मोठा पंडित क्यूव्हिए हा होता. क्यूव्हिए स्वतः जीवाश्म माशांवर, म्हणजे दगडात ठसे उरलेल्या पुरातन माशांवर, लिहिण्याची तयारी करीत होता. या तरुणाचे काम पाहून त्याने आपली सारी टिपणे व चित्रे उदारपणे त्याच्या स्वाधीन केली. पॅरिसमध्ये अगासीजवळ पैसा नव्हता. ही अडचण ध्यानात येताच प्रसिद्ध प्रवासी व शास्त्रज्ञ हुंबोल्ट याने त्यास न मागता एक हजार फ्रँक पाठविले. १८३२ मध्ये हुंबोल्टच्याच साहाय्याने अगासीला नशातेल येथे प्राध्यापकाची जागा मिळाली. जीवाश्म माशांवरील त्याचा विशाल ग्रंथ १८३३ पासून दहा वर्षे खंडशः प्रसिद्ध होत राहिला. त्याचे नाव साऱ्या युरोपात झाले. तिशीही न उलटलेल्या माणसाला याहून अधिक ते काय हवे असते? परंतु त्याच वेळी त्याच्या आयुष्याला एक वेगळेच वळण लागले.

आल्प्सच्या दऱ्यांत राहणाऱ्या साध्या लोकांना एक गोष्ट फार दिवसांपासून ठाऊक होती. बान्यच्या खोऱ्यात पेरोदँ नावाचा एक शिकारी राहत असे. रानशेळ्यांच्या मागे हिंडताना दरीतील कठीण खडकांवर त्याला लांबच लांब ओरखडे दिसत. हिमनदीच्या काठच्या खडकांवरही तसेच ओरखडे असतात, हे त्याने ताडले होते. यावरून पूर्वी ही सारी दरी बर्फाने भरलेली असली पाहिजे, असे अनुमान त्याने काढले. त्याचे म्हणणे व्हेनेट्झ नावाच्या अभियंत्याने मनावर घेतले. व्हेनेट्झने ते मिठाच्या खाणींचा संचालक शार्पांतिए यास पटविले. शार्पांतिए हा आधी या कल्पनेला हसला होता. पण पुढे अनेक वर्षे पुरावे गोळा करून तो तिचा कट्टर पुरस्कर्ता बनला.

१८३६ च्या उन्हाळ्यात अगासी हा शार्पांतिएच्या शेजारी बे या गावी येऊन राहिला. आपल्या मित्राची चूक त्याला दाखवून द्यावी, असाच त्याचा हेतू होता. दोघे मिळून दऱ्याखोऱ्यांतून हिंडले. शार्पांतिएने त्याला गुळगुळीत झालेले खडक, त्यांवरील समांतर रेघा आणि दगडमातीचे जुने बांध दाखविले. हे बांध म्हणजे हिमोढ होत. हिमनदी आपल्या अंगावर आणि कडेला दगडांचे ढीग वाहून आणते व जेथे वितळते तेथे ते टाकून देते. असे हिमोढ आजच्या हिमनद्यांपासून कित्येक मैल खाली, कुरणांत आणि गावांशेजारी पडलेले होते. अगासीने ते पाहिले आणि आपले मत बदलले. चूक दाखविण्यास आलेला मनुष्य शिष्य होऊन परतला.

२४ जुलै १८३७ रोजी नशातेल येथे स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांची परिषद भरली. अगासी तिचा अध्यक्ष होता. तो जीवाश्म माशांवर बोलणार, असे सर्वांना वाटत होते. परंतु त्याने एकाएकी हिमनद्यांचा विषय काढला. एके काळी केवळ आल्प्सच नव्हे, तर उत्तर युरोपचा फार मोठा प्रदेश बर्फाच्या जाड थराखाली गाडला गेला होता आणि जुरावरील त्या शिळा त्या बर्फानेच तेथे नेऊन ठेवल्या, असे त्याने प्रतिपादन केले. सभेत खळबळ उडाली. मोठमोठे भूवैज्ञानिक रागावले. ज्याने त्याला पॅरिसमध्ये हात दिला त्या हुंबोल्टनेही, हा नाद सोडून पुन्हा माशांकडे वळावे, असा त्याला सल्ला दिला.

अगासीने तो सल्ला मानला नाही. नुसत्या वादाने हा प्रश्न सुटणार नाही, हे मात्र त्याने ओळखले. हिमनदी एवढाली ओझी वाहून नेते, असे म्हणावयाचे तर ती खरोखर चालते का, किती वेगाने चालते आणि कोणत्या बळाने चालते, हे आधी सिद्ध करावयास हवे होते. मराठीत आपण तिला हिमनदी म्हणतो; त्यामुळे ती वाहणारच, असे आपणास सहज वाटते. पण बर्फ हा दगडासारखा कठीण पदार्थ आहे. घाव घातला तर तो फुटतो. असा पदार्थ नदीप्रमाणे वाहतो कसा, हे त्या काळी मोठे गूढ होते.

या अभ्यासासाठी अगासीने बर्नच्या पहाडातील उंटरआर ही हिमनदी निवडली. दोन हिमनद्यांच्या संगमातून ती उत्पन्न होते आणि संगमाखाली तिच्या मधोमध दगडांचा एक लांब बांध तयार होतो. १८२७ साली हुगी नावाच्या प्राध्यापकाने त्या संगमापाशी बर्फावर एक झोपडी बांधली होती. १८३९ मध्ये अगासी तेथे गेला, तेव्हा ती झोपडी मूळ जागेपासून कितीतरी खाली सरकलेली त्याला आढळली. १८४१ साली मोजले असता हे अंतर ४,७१२ फूट भरले. झोपडीला पाय फुटले नव्हते; तिच्याखालची हिमनदीच चौदा वर्षे तिला घेऊन चालत होती.

१८४० च्या उन्हाळ्यात अगासीने आपल्या सहकाऱ्यांसह त्या हिमनदीवरच बिऱ्हाड थाटले. मधल्या हिमोढावर एक भली मोठी शिळा पुढे झुकलेली होती. तिच्या आडोशाला दगड रचून त्यांनी एक खोली केली आणि दाराला कांबळे लावले. या निवाऱ्याला ते थट्टेने ‘नशातेलकरांचे हॉटेल’ म्हणत. खाली बर्फ, वर शिळा, चोहीकडे हिमशिखरे. रात्री अंथरुणाखालचा बर्फ कडाडून तडके आणि त्याचा आवाज दरीत घुमत राही. देसोर, फोक्ट, पुर्तालेस यांसारखे तरुण अभ्यासक तेथे राहत. लॉइटहोल्ड नावाचा अनुभवी वाटाड्या त्यांना मार्ग दाखवी. कोणी तापमान मोजी, कोणी नकाशा काढी, कोणी बर्फावरील सूक्ष्म जीव तपाशी. दोन वर्षांत ती शिळा हवापाण्याने तडकून राहण्यास धोक्याची झाली, तेव्हा त्यांनी तंबूचा आसरा घेतला. परंतु काम थांबले नाही.

अगासीने लोखंडी गजांनी बर्फात खोल भोके पाडविली. एका ठिकाणी आठवडेच्या आठवडे काम करून सुमारे २०० फूट खोल जाता आले, तरी तळ लागला नाही. या भोकांत तापमापक सोडले असता आतील बर्फ गोठणबिंदूच्या जवळपासच राहतो आणि दिवसरात्रीच्या उष्णतेचा किंवा थंडीचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही, असे दिसून आले. बर्फाच्या पृष्ठभागावर रंगीत पाणी ओतून ते आत कसे झिरपते, हेही त्यांनी पाहिले. वरून अखंड दिसणारा बर्फ आतून बारीक भेगांनी व्यापलेला असतो, हे त्यावरून कळले. हिवाळ्यात हिमनदीची काय अवस्था असते हे जाणण्यासाठी १८४१ च्या मार्च महिन्यात, सारा पहाड बर्फाने झाकलेला असताना, अगासी आणि देसोर यांनी तेथवरची खडतर वाट तुडविली.

अगासीला आणखी एक प्रश्न सतावीत होता. हिमनदीच्या पृष्ठभागावर निळ्या बर्फाचे पट्टे दिसत. ते केवळ वरवरचे आहेत, की बर्फाच्या अंतरंगातही पोचलेले आहेत? वरून याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. त्यासाठी हिमनदीच्या पोटात शिरावयास हवे होते.

उन्हाळ्यात बर्फ वितळून हिमनदीवर ओढे वाहू लागतात. वाहता वाहता एखादा ओढा भेग गाठतो आणि आत कोसळतो. पाण्याच्या धारेने ती भेग हळूहळू कोरली जाते व तेथे एक उभी, खोल विहीर तयार होते. अशा एका विहिरीत उतरण्याचे अगासीने १८४१ साली ठरविले. प्रथम तिच्यात पडणारा ओढा चर खणून दुसरीकडे वळविण्यात आला. विहिरीच्या तोंडावर भक्कम तिकाटणे उभारले. दोरीच्या टोकाला बसण्यासाठी फळी बांधली. त्या फळीवर बसून अगासी हळूहळू खाली जाऊ लागला. त्याचा मित्र एशर हा विहिरीच्या काठावर पालथा पडून त्याच्याकडे लक्ष ठेवीत होता आणि त्याच्या हाकेबरहुकूम दोरी सोडण्यास सांगत होता.

वरचा उजेड मंद होत गेला. चारी बाजूंना निळ्या बर्फाच्या गुळगुळीत भिंती होत्या. त्यांत ते पट्टे खोलवर गेलेले अगासीला स्पष्ट दिसत होते. सुमारे ८० फुटांवर बर्फाच्या एका आडभिंतीने विहिरीचे दोन भाग केले होते. एका भागात तो उतरला. पण पुढे वाट अरुंद होत गेली. तेव्हा त्याने स्वतःला थोडे वर ओढून घेतले व तो दुसऱ्या भागात शिरला. पट्ट्यांच्या निरीक्षणात तो इतका गढून गेला, की खाली काय आहे इकडे त्याचे ध्यानच राहिले नाही. एकाएकी त्याचे पाय बर्फासारख्या थंड पाण्यात बुडाले. तो तेव्हा सुमारे १२० फूट खोल होता. थांबविण्यासाठी त्याने हाक दिली. परंतु वर त्या हाकेचा अर्थ उलट घेतला गेला आणि दोरी आणखी सोडण्यात आली. तो पाण्यात अधिकच उतरू लागला. त्याने पुन्हा जोराने आरोळी ठोकली. या वेळी मात्र एशरला संकटाची जाणीव झाली आणि दोरी वर ओढण्यास आरंभ झाला.

उतरण्यापेक्षा वर येणे अधिक भयंकर होते. विहिरीच्या भिंतींना बर्फाच्या लांब, टोकदार सुळ्या लोंबत होत्या. दोरीच्या घर्षणाने त्यांतील एखादी तुटली असती, तर ती भाल्यासारखी त्याच्या मस्तकावर येऊन आदळली असती. एकेक सुळी चुकवीत, अंग आखडून घेत, अगासी अखेर काठावर आला. सर्वांचा जीव भांड्यात पडला. शास्त्रासाठी अत्यंत आवश्यक असल्यावाचून असले साहस कोणी करू नये, असे पुढे त्याने स्वतःच सांगितले. पण ज्या गोष्टीसाठी तो उतरला होता, ती त्याने डोळ्यांनी पाहिली होती. ते पट्टे वरवरचे नव्हते. हिमनदीच्या अंतर्भागातही तशीच रचना होती.

त्याच वर्षी अगासीने आणखी एक प्रयोग आरंभिला. वरकरणी तो अगदी साधा होता. परंतु त्याचे महत्त्व विहिरीतील साहसाहूनही मोठे ठरले. हिमनदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एका सरळ रेषेत त्याने सहा खांब बर्फात खोल रोवले. पुढील वर्षी, १८४२ साली, त्यांच्या जागा पुन्हा मोजल्या. रेषा सरळ राहिली नव्हती. ती धनुष्याप्रमाणे वाकली होती. दोन्ही काठांजवळचे खांब अनुक्रमे १६० व १२५ फूट सरकले होते, तर मधल्या भागातील एक खांब २६९ फूट पुढे गेला होता. म्हणजे हिमनदी कडेला सावकाश आणि मध्यभागी वेगाने चालते. नदीचे पाणीही असेच वाहते; काठाच्या घर्षणाने तेथील पाणी मंदावते आणि मधला ओघ पुढे जातो. स्कॉटलंडचा शास्त्रज्ञ फोर्ब्झ हा १८४१ मध्ये अगासीचा पाहुणा म्हणून या हिमनदीवर राहिला होता. १८४२ साली त्याने फ्रान्सच्या सरहद्दीतील मेर द ग्लास या हिमनदीवर सूक्ष्म उपकरणांनी मोजमाप केले आणि त्यालाही हेच आढळले. हा शोध आधी कोणी लावला आणि निळ्या पट्ट्यांचे महत्त्व प्रथम कोणी ओळखले, यावरून या दोन मित्रांत कटू वाद झाला व त्यांच्या मैत्रीला कायमची तेढ पडली.

हिमनदी का चालते, याचे अगासीने दिलेले कारण मात्र खरे ठरले नाही. दिवसा पाणी भेगांत झिरपते, रात्री ते गोठून प्रसरण पावते आणि त्या रेट्याने हिमनदी पुढे ढकलली जाते, असे तो मानीत असे. परंतु आतील बर्फाचे तापमान दिवसरात्र जवळजवळ सारखेच असते, हे त्याच्याच तापमापकांनी दाखविले होते. मग रोज रात्री आत पाणी गोठणार कसे? शिवाय अशा रेट्याने हिमनदीचा वेग खालच्या टोकाकडे वाढत जावयास हवा होता. प्रत्यक्षात टोकाजवळ तो कमी होतो. अशा रीतीने एका शास्त्रज्ञाच्या प्रामाणिक मोजमापांनी त्याचीच उपपत्ती मोडीत काढण्यास मदत केली.

आज या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी ठाऊक झाले आहे. वरच्या प्रदेशात वर्षानुवर्षे पडलेले हिम साचत जाते व दाबाने त्याचा घट्ट बर्फ बनतो. हा थर खूप जाड झाला, म्हणजे स्वतःच्याच भाराने तो उताराच्या दिशेने हळूहळू विरूपित होऊ लागतो. बर्फाच्या स्फटिकांतील थर एकमेकांवरून सरकतात आणि सारा बर्फ, न फुटता, दाट लगद्यासारखा वाहतो. १९५० नंतरच्या दशकात ग्लेन या इंग्रज शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत बर्फावर ताण देऊन या गतीचा नियम शोधून काढला. ताण दुप्पट केला, तर विरूपणाचा वेग सुमारे आठपट होतो, असे त्यात दिसून आले. याखेरीज हिमनदीच्या तळाशी पाणी असल्यास ती खडकावरून घसरतही जाते. अगासी ज्या विहिरीत उतरला, तसल्या विहिरींतूनच वितळलेले पुष्कळसे पाणी तळापर्यंत पोचते. म्हणूनच उन्हाळ्यात अनेक हिमनद्यांचा वेग वाढतो. पृथ्वीचे तापमान वाढत असल्यामुळे आज आल्प्समधील हिमनद्या झपाट्याने आक्रसत आहेत. त्यांची झीज मोजताना अगासीच्या काळची मोजमापे आणि नकाशे अभ्यासकांच्या उपयोगी पडतात.

१८४० साली अगासीने आपला हिमनद्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. शार्पांतिएही त्याच विषयावर अनेक वर्षे लिहीत होता. त्याचा ग्रंथ १८४१ मध्ये बाहेर आला. ज्याच्यापासून आपण हे ज्ञान घेतले, त्याच्या आधी ग्रंथ छापण्याची घाई अगासीने केली, याचे शार्पांतिएला फार दुःख झाले. अगासीची बुद्धी तीव्र होती, श्रमशक्ती अफाट होती. पण कीर्तीची ओढही त्याला होती. पेरोदँ, व्हेनेट्झ आणि शार्पांतिए यांची नावे मागे पडली आणि हिमयुगाच्या कल्पनेशी त्याचे एकट्याचेच नाव जोडले गेले.

त्याच १८४० साली तो इंग्लंडचा भूवैज्ञानिक बकलंड याच्यासह स्कॉटलंडमध्ये हिंडला. तेथे ग्लेन रॉय नावाच्या दरीत डोंगराच्या उतारांवर एकावर एक अशा समपातळीतील वाटा दिसतात. त्या पुरातन समुद्राच्या किनाऱ्याच्या खुणा आहेत, असे डार्विनने आधी लिहिले होते. अगासीने एका दृष्टिक्षेपात खरे कारण ओळखले. हिमनदीने दरीचे तोंड बंद केल्यामुळे तेथे तळे साचले होते आणि त्या तळ्याच्या काठाच्या या रेघा होत्या. पुढे डार्विनने आपली चूक मोकळ्या मनाने मान्य केली.

१८४६ मध्ये अगासी अमेरिकेस गेला. तेथील त्याच्या व्याख्यानांना लोकांची अलोट गर्दी होई. १८४७ साली तो हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि १८५९ मध्ये त्याने तेथे प्राणिशास्त्राचे मोठे संग्रहालय स्थापन केले. त्याची शिकविण्याची रीत वेगळीच होती. नव्या विद्यार्थ्यापुढे तो एक मासा ठेवी आणि निघून जाई. विद्यार्थ्याने पुस्तक न उघडता तो मासा पाहावयाचा. घटकाभराने सारे पाहून झाले असे विद्यार्थ्यास वाटे. अगासी मात्र त्याला पुन्हा पाहावयास लावी. असे दिवसच्या दिवस चाले, आणि मग त्या एका माशात आधी न दिसलेल्या कितीतरी गोष्टी विद्यार्थ्याला दिसू लागत. अमेरिकेतील निसर्गशास्त्रज्ञांची एक पिढी या शिस्तीत तयार झाली.

इतरांना पाहावयास शिकविणारा हा गुरू काही बाबतींत मात्र स्वतः डोळे मिटून राहिला. १८५९ साली डार्विनचा उत्क्रांतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रत्येक जीवजाती ईश्वराने स्वतंत्रपणे निर्माण केली आहे, या समजुतीला अगासी अखेरपर्यंत चिकटून राहिला. त्याचे विद्यार्थीही हळूहळू उत्क्रांतीचा स्वीकार करू लागले, तरी तो बदलला नाही. याहून अनर्थकारक असे त्याचे दुसरे मत होते. मानवाचे निरनिराळे वंश वेगवेगळे निर्माण झाले असून आफ्रिकी वंशाचे लोक हीन आहेत, असे तो म्हणे. हे मत सिद्ध करण्यासाठी १८५० साली दक्षिण कॅरोलिना संस्थानात, गुलामीत पिचणाऱ्या स्त्रीपुरुषांना विवस्त्र करून त्यांची छायाचित्रे काढविण्यात आली. नकार देण्याची त्यांना सोयच नव्हती. गुलामगिरीच्या समर्थकांनी अगासीच्या मतांचा आधार घेतला. विज्ञानाच्या नावाने सांगितलेले हे मत सर्वस्वी खोटे ठरले आहे. याच कारणास्तव २०१९ साली नशातेल शहराने आपल्या एका चौकाला दिलेले त्याचे नाव काढून टाकले. बर्फाचा अंतर्भाग पाहण्यासाठी ज्याने प्राण पणाला लावले, त्याला शेजारच्या माणसाचे अंतःकरण पाहता आले नाही, ही त्याच्या चरित्रातील मोठी उणीव होय.

उतारवयातही त्याचे काम थांबले नाही. १८६५-६६ मध्ये त्याने ब्राझीलचा मोठा प्रवास केला. विद्यार्थिदशेत ज्या देशाच्या माशांवर त्याने लिहिले, तो देश त्याने असा उतारवयात प्रत्यक्ष पाहिला. १८७३ च्या उन्हाळ्यात पेनिकीज नावाच्या बेटावर त्याने शिक्षकांसाठी एक शाळा उघडली. तीत स्त्रिया आणि पुरुष दोघांनाही प्रवेश होता. समुद्रकाठच्या जीवांचा अभ्यास तेथे पुस्तकांवाचून, प्रत्यक्ष निरीक्षणाने चाले. त्याच वर्षी, १४ डिसेंबर १८७३ रोजी, केंब्रिज येथे त्याचे निधन झाले.

केंब्रिजजवळच्या माउंट ऑबर्न स्मशानभूमीत त्याची समाधी आहे. तिच्यावर घडीव संगमरवर नाही. आर हिमनदीच्या हिमोढातून आणलेली एक ओबडधोबड शिळा तेथे ठेवलेली आहे. ज्या बर्फावर त्याने ऐन तारुण्यातील उन्हाळे घालविले, त्याच बर्फाने ती शिळा पर्वतावरून खाली आणली होती. समुद्रापलीकडे ती त्याच्या आप्तांनी नेली.

अगासीच्या चरित्रातून एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. जेथे त्याने स्वतः पाहिले, मोजले आणि पुराव्यापुढे आपले आधीचे मत टाकून दिले, तेथे त्याचे काम टिकून राहिले. जेथे त्याने आपल्या समजुतीला पुराव्याच्या वर बसविले, तेथे त्याची प्रचंड विद्वत्ताही त्याला तारू शकली नाही. हिमनदी वर्षभरात फार थोडी वाट चालते. पण ती थांबत नाही आणि वाटेतील खडकांवर आपली रेघ उमटवून जाते. सत्याचा शोधही असाच सावकाश चालतो. एकाने रोवलेला खांब पुढच्याने मोजावयाचा असतो आणि तो कितपत सरकला, हे निर्भयपणे सांगावयाचे असते.